मंगळूचा राब, कोंडीचे कंद

कोंडीला कुणी "बिचारी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. गरीब आहे, एकटी आहे, गुडघा दुखतो म्हणून चढावर मध्येच थांबते, हे सगळं खरं. पण बिचारी माणसं मान खाली घालतात. वांगणीजवळच्या या पाड्यावर मी शिकवायला आले तेव्हापासून कोंडीची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. मी जव्हारला राहते, सकाळच्या जीपने येते. जीप शेवटच्या वळणावर सोडते, पुढे पाऊलवाट, आणि पाड्यातलं पहिलं घर कोंडीचं. त्यामुळे दिवसाची पहिली शिवीही बहुतेक तिचीच कानावर पडते. कधी कोंबडीला, कधी रस्ता न करणाऱ्यांना, कधी मला, उशीर झाला म्हणून.

तिचं माहेर दाभोशाचं, नदीकाठचं. गोकुळशी लग्न होऊन ती इकडे वर आली. मूल झालं नाही. लोकांनी गोकुळच्या मागे टुमणं लावलं, दुसरी आण. कोंडीच त्याला म्हणाली, "आन की. पन तिची चूल बाहेर घाल. माझे चुलीला हात लावाचा नाय." गोकुळने आणली नाही. पुढे तो काविळीत गेला, तेव्हा माहेरचे न्यायला आले. पाड्यात बाईने दुसरा घरोबा करायलाही कुणाची ना नसते. एक-दोन माणसं विचारून गेली. कोंडीने माहेरच्यांना जेवू घातलं आणि परत पाठवलं. विचारायला आलेल्यांना जेवूसुद्धा घातलं नाही.

भाताचं खाचर एकटीच्याने होईना म्हणून तिने ते धाकट्या दिराला, मंगळूला, कसायला दिलं. पोटापुरता भात ती त्याच्याकडून घेते. दिवाळी झाली की पाड्यातल्या निम्म्या घरांसारखी तीही भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाते आणि होळीला परत येते. भट्टीवाल्यांना नवरा-बायकोची जोडी लागते. एकटी बाई नको म्हणणाऱ्या मुकादमाला तिने विचारलं होतं, "विटेला कळतं का, उचलनारी एकटी हाय का दुकटी?" तेव्हापासून ती विटा वाहते.

आता त्या कंदांची गोष्ट. एकदा कोंडी जव्हारला बाजाराला गेली असताना सरकारी क्वार्टरमधल्या एका बाईंची बदली झाली होती, सामान ट्रकमध्ये चढत होतं. कुंपणाच्या भिंतीवर सुक्या मातीने भरलेले तेलाचे डबे होते. "नेतेस का? काही नाही त्यांत," बाई म्हणाल्या. कोंडीला डबे हवे होते, कोंबड्यांना पाणी ठेवायला. डोक्यावरून आणले, ओट्यावर ठेवले आणि माती ओतायचा कंटाळा केला. वैशाखात एक दिवस डब्यातून दांडा वर आला. पान नाही, फांदी नाही. सरळ दांडा आणि त्याच्या टोकाला लालभडक गोल चेंडू. शेजारणी म्हणाल्या, ही करणीच. कोंडीने जवळ जाऊन वास घेतला. वास काहीच नव्हता. "वास नाय, काटा नाय, मंग भ्याचा कशाला?" म्हणाली, आणि तिने डबा पाऊलवाटेवरून दिसेल असा पुढे सरकवला.

जव्हारचा रोपवाला त्याला मे फ्लॉवर म्हणतो, कुणी फुटबॉल लिली म्हणतं. कोंडी म्हणते लाल गोंडा. माझ्या गॅलरीतल्या कुंडीतही तिनेच दिलेले कंद आहेत. पण या फुलाचं तंत्र तिला आणि मला दोघींना चुका करूनच कळलं. पहिल्या पावसाळ्यात तिच्या डब्यांत पाणी तुंबलं आणि निम्मे कंद सडक्या कांद्यासारखे झाले. मग तिने खिळ्याने डब्यांच्या बुडाला भोकं पाडली, ओहोळाची वाळू आणि जंगलातली पालापाचोळ्याची काळी माती मिसळून भरली. काही कंद तिने घरापुढच्या उतारावरच्या तुकड्यात लावले, कारण उतारावर पाणी थांबत नाही. कोंबड्या उकरतात म्हणून वीतभर खोल लावले. रोपवाल्याने ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता; तो सांगतो, कंदाची मान मातीबाहेर दिसली पाहिजे. पण कोंबड्या रोपवाल्याच्या नव्हत्या. कंद जगले आणि वाढले. एकाच्या पोटाला दोन, दोनाच्या चार.

या झाडाची एक खोड आहे. आधी फूल येतं, मग पान. पावसाळाभर पानं हिरवीगार राहतात, दिवाळीच्या सुमाराला पिवळी पडून गळतात, आणि कंद मातीत झोपी जातो. तेव्हा त्याला पाणी घालायचं नाही, हलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. भट्टीवर जाणाऱ्या बाईला याहून सोयीचं झाड मिळणार नाही. कोंडी गेली की कंद झोपणार, आणि ती आली की उठणार. मात्र त्या दिवसांत घरापुढचा तुकडा बघणाऱ्याला मोकळी माती दिसते.

मंगळूला ती तशी दिसली. म्हणजे त्याला तशी बघायची होती, असं माझं मत. आदल्या पावसाळ्यात त्याची राबाची जागा ओहोळात वाहून गेली होती. भाताची रोपं करायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, छाटलेल्या फांद्या, पाला आणि गवत पसरून वर माती टाकतात आणि ते जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. राखेत पेरलेलं भात जोमाने येतं. या पाड्यात कागदापेक्षा राब मोठा. मोकळ्या जागेवर कुणी राब भाजला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ती जागा त्याची झाली असं धरतात. आणि त्या वर्षी भट्टीवरच्या विटांचा शेवटचा घाणा उतरेपर्यंत मुकादमाने कोंडीला सोडलं नाही. तिची होळी हुकली.

ती परत आली तो दिवस मला आठवतो, कारण आम्ही एकाच जीपमध्ये होतो. वळणावरून आम्ही बरोबरच वर आलो. तिच्या घरापुढे तुकडाभर काळी राख होती, कडेला अजून धुराचा वास. कोंडीने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं नाही. तशीच उभी राहिली. मग ओरडली, "मंगळू!"

मंगळू आला. बायको रुपी त्याच्या मागे दारात थांबली.

"हा काय केलास?"

"राब भाजला. जागा रिकामीच होती, वयनी."

"रिकामी? माझे कंद हायत त्यात."

"दिसला तर नाय काय. आनि हायत तर हायत, फुलाच्या कंदाला काय करतंस? भात का लागनार त्याला?"

मी मध्ये बोलणार होते. कोंडीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती पोश्याबाबाच्या ओट्यावर गेली. पोश्याबाबा पाड्यातला सगळ्यात वयस्क माणूस. भांडण त्याच्या ओट्यावर चढलं की त्याच्या शब्दाने उतरतं. चार माणसं जमली, शाळा सुटल्यावर मीही जाऊन कडेला बसले. मंगळूचं म्हणणं सरळ होतं. मोठा भाऊ गेला, मागे कुणी नाही, खाचर तोच कसतो, मग हा तुकडाही त्याचाच. त्याने राब भाजला तेव्हा कुणी आडवं आलं नाही.

"मी भट्टीवर होते," कोंडी म्हणाली. "आडवी कशी येनार, फोनातून?"

कुणीतरी हसलं. पोश्याबाबा हसला नाही. त्याने विचारलं, "कंद जळले नसतील का?"

"नाय जळले."

"तुला काय ठावं?"

"मला ठावं हाय."

पोश्याबाबाने तंबाखू मळली आणि मग जे सांगितलं ते ऐकून मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. सुरण जमिनीत असतो तेव्हा वर काही दिसत नाही, तरी तो ज्याने लावला त्याचा; दुसऱ्याने खणला तर आपण त्याला चोर म्हणतो. मग फुलाच्या कंदाला वेगळा नियम कशाला? भाताची पेरणी व्हायच्या आत या राखेतून कोंडीचं काही वर आलं, तर जागा कोंडीची. नाही आलं, तर मंगळूने भात पेरावं आणि यापुढे जागा त्याची.

कोंडी उठली. "येल," एवढंच म्हणाली.

मला मात्र धास्ती होती. आग लागली होती, थोडीथोडकी नाही. खाली कंद भाजून निघाले असतील तर? त्या तुकड्याचं मोल बाजारात काहीही नसेल, पण खाचर आधीच मंगळूकडे होतं, हाही गेला की पाड्याच्या लेखी कोंडीचं घर संपलं. मग ती मंगळूच्या पडवीत राहणारी म्हातारी. हे तिलाही कळत होतं. पाणी भरताना बायका टोचायच्या, "कोंडी, राखेला पानी घाल, भाजलेले कांदे गोड लागतील." ती उत्तर द्यायची, "तुझे घरी घेऊन येते, भाकर तयार ठेव." पाणी तिने एक थेंब घातलं नाही. वर अंकुर येण्याआधी पाणी दिलं तर कंद कुजतो, हे ती डब्यांतले कंद गमावून शिकली होती. मी एकदा म्हटलं, एकच कंद उकरून बघ, जिवंत आहे की नाही ते कळेल. "बाई, चुलीवरच्या भाताचा झाकन सारखा उघडला तर भात शिजतो का?" म्हणाली. माझ्या घरी मी दर दोन मिनिटांनी उघडते, म्हणून गप्प बसले.

आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पोरींनी टोपलीत धान्य पेरून गौर वाढवली, नाचल्या, ओहोळावर नेऊन तिला बोळवलं. कोंडीच्या ओट्यावरच्या डब्यांत लाल गोंडे उघडले, एकाला एक लागून. राख मात्र काळीच. मंगळू येता-जाता म्हणायचा, "डब्यातला डब्यात. बोली जमिनीची होती." खरंच होतं ते, आणि म्हणूनच माझा तिळपापड व्हायचा.

मग मला एक युक्ती सुचली, आणि मी ती फार शहाणपणाची समजत होते. मी तिला कुजबुजत सांगितलं, डब्यातला एक कंद फुलासकट काढ आणि राखेत नीट लाव. कुणाला कळणार आहे? अन्याय त्याने केला आहे, आपण नाही.

कोंडीने मला ओट्यावरून उठवलं. अक्षरशः. हाताला धरून उठवलं आणि पाऊलवाटेवर नेऊन सोडलं. "खोटा उगवला तर जागा पन खोटी," ती म्हणाली. "मंग मी त्याला चोर कसा म्हनू? जा तू, पोरा वाट बघतात." सुट्टी लागली होती, मी नुसती ती राख बघायला यायचे, पोरं कुणीही वाट बघत नव्हती, पण मी गेले.

त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी वळणावर उतरले तर ती तिथपर्यंत खाली आलेली होती, गुडघ्याला हात लावून उभी. "चल," म्हणाली. राखेला एका ठिकाणी तडा गेला होता. तड्यातून जांभळे ठिपके असलेलं बोटभर टोक वर आलं होतं. जरा पुढे दुसरं. त्याच्या पलीकडे, ओहोळाच्या बाजूला, तिसरं. मी रडले. ती रडली नाही. तिने फक्त टोकाभोवतीची राख फुंकरीने बाजूला केली.

खोल लावल्यामुळे त्यांना वेळ लागला होता, आणि खोल लावल्यामुळेच ते वाचले होते. आठवडाभरात दांडे गुडघ्याएवढे झाले आणि तीन लाल गोंडे काळ्या राखेवर उघडले. पोश्याबाबाने निरोप धाडला, पेरणीच्या आधीच्या रविवारी स्वतः येऊन बघतो, मग निकाल सांगतो. लोक बघायला आले. शेजारच्या पाड्यातून बायका आल्या, पोरं कडेवर घेऊन. आणि मग जे व्हायचं ते झालं: थट्टा फिरली. "मंगळू, तुझे राबाला फुला आली रे!" "मंगळू, यंदा फुलांचा भात खानार का?"

थट्टा सोसायची सवय कोंडीला होती, मंगळूला नव्हती. एका सकाळी चार माणसं तिथेच हसत उभी असताना तो कोयता घेऊन आला. सपासप तिन्ही दांडे छाटले. गोंडे राखेत पडले. "बघा," तो म्हणाला, "आता काय हाय इथं? काय उगवलाय? रविवारी बाबाला आना, बघू दे."

कुणी हसलं नाही. रुपी धावत आली, तिने नवऱ्याच्या हातातला कोयता ओढून घेतला. मला इतका संताप आला की जीभ सुटली. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, मी शाळेत शिकवते. कोंडी पुढे आली. तिने पडलेले तीन गोंडे उचलले, दोन स्वतःच्या अंबाड्यात खोचले, एक रुपीला दिला. मग मंगळूला म्हणाली, "काप. रोज ये न काप. तुझा कोयता झिजेल."

मला वाटलं, हा नुसता ताठा. घरी येऊन माझ्या गॅलरीतली कुंडी पाहिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझं फूल सुकून मान टाकून बसलं होतं, आणि त्याच्या शेजारून गुंडाळलेल्या सुरळ्या वर येत होत्या. आधी फूल, मग पान. मंगळूने कोंडीच्या ओट्यावरचे डबे इतकी वर्षं पाहिले, पण फुलाच्या पुढे त्याने कधी पाहिलं नव्हतं. फूल छाटलं म्हणजे झाड संपलं, असं त्याला वाटलं होतं.

वळवाची एक सर मध्येच येऊन गेली. राख भिजली, आणि मग उगवणं थांबलंच नाही. छाटलेल्या दांड्यांशेजारून सुरळ्या फुटल्या, आणि जिथे फुलं आलीच नव्हती तिथूनही, कारण पोटचे लहान कंद फूल देत नाहीत, पण पान देतात. रविवारी पोश्याबाबा काठी टेकत आला तेव्हा तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी पानं उभी होती. वर आभाळ भरून आलं होतं. पेरणी दोन-चार दिवसांवर होती. म्हातारा तुकड्याच्या कडेने एक फेरी मारून आला. वाकून त्याने एक पान बोटांत धरलं, सोडलं.

"शेळ्या हा खात नाय का?"

"तोंड लावीत नाय," कोंडी म्हणाली.

"मंगळू, जागा कोंडीची," तो म्हणाला आणि वळला. एवढंच. पाड्यातले निकाल असेच लागतात, टाळ्या वाजवायलाही वेळ मिळत नाही.

पण पेच पुढेच होता. मंगळूने त्या वर्षी राब एकच भाजला होता, तो इथे. आभाळ डोक्यावर आलेलं, आता नवा राब भाजायला ना पाला सुका ना दिवस. घराच्या मागे त्याचा एक तुकडा होता, पण तिथली माती कोरी. राखेशिवाय रोप खुरटं येणार, आणि खाचर भरणार ते त्याच रोपाने, त्याच्या घरासाठीही आणि कोंडीच्या वाट्यासाठीही. तो तिथे मान खाली घालून उभा होता. रुपी कोंडीकडे बघत होती, मागायचं धाडस तिलाही होईना.

कोंडी घरात गेली आणि बांबूची पाटी घेऊन आली. ती तिने मंगळूच्या पायाशी टाकली.

"राख तुझी हाय. घेऊन जा."

मंगळूने फावडं आणायला पाऊल उचललं.

"फावडा नाय. हातानी. एक पान मोडलास तर सगळी राख परत आनून टाकाला लावीन."

आणि तो बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं. उकिडवा बसून दोन पानांच्या मधून ओंजळीने राख उचलायची, पाटीत टाकायची, पुढे सरकायचं. रुपी पाटी भरली की मागच्या तुकड्यात नेऊन पसरत होती. कोंडी कडेला दगडावर बसली होती, पदर खोचून, एकेका पानावर नजर ठेवून. मला तिच्याबद्दल त्या क्षणी जे वाटलं त्याला अभिमान म्हणतात, आणि तो मी का लपवू?

बऱ्याच वेळाने मंगळू वर न बघता म्हणाला, "वयनी, तुला राबाची जागा लागत नाय. मला लागत होती."

"मंग इचाराचा होतास," कोंडी म्हणाली. "इचारला असतास तर मीच कंद बाजूला काढून दिले असते. पाला पन आनून दिला असता. तू इचारला नाय. मी जित्ती असताना मेली असा धरलास."

मंगळूचे हात थांबले. पाटी भरली होती. कोंडीने ती रुपीच्या डोक्यावर चढवून दिली आणि घरातून दुसरी आणून त्याच्यापुढे सरकवली.